रतांब्याचा पिवळा

नमुना सतरा. शे. के. मे महिना.
शे. के. म्हणजे शेवंती केळुसकर,
वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरणाऱ्या पाणंदीत
डाव्या हाताचं तिसरं घर.
अंगणभर सोलं वाळत घातलेली
आणि पायरीवर ती, बोटं उन्हाला धरून.

नऊ वाजेपर्यंत तिची मूठ मिटत नाही.
चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते,
कान नसल्यासारखा.
मग हळूहळू बोटं सुटतात,
आणि ती रतांबे फोडायला बसते.

मी तिला एकदा समजावलं होतं :
रक्तात राखणीला ठेवलेल्या पेशी असतात,
त्या ओळख विसरतात,
घरच्याच सांध्यांवर धावून जातात.
ती म्हणाली, "म्हंजे राखणदारच फिरलो.
खयचो तरी नारळ चुकलो आसतलो."
माझ्याकडे याहून बरी व्याख्या नव्हती.

दोन किलो साल.
दळली, भिजवली, गाळली,
फिरत्या चंबूत द्रावक उडवून लावला.
सगळा लाल वरच्या वर राहिला
आणि तळाशी उतरला पिवळा,
हळदीहून फिका, नखावर मावेल एवढा.
गार्सिनॉल.
काचेच्या बशीतल्या सुजलेल्या पेशी
त्याच्या थेंबाने निवल्या.
त्या रात्री कॉलेजच्या जिन्यात
मी एकटीच हसले. खोटं कशाला बोलू.

पेपरवाल्याला मी सांगितलं होतं,
"प्राथमिक निष्कर्ष."
त्याने छापलं, "संधिवात आता कोकमाने पळणार",
आणि खाली माझा फोटो, चंबू हातात घेतलेला.

गणपतीनंतर गेले तेव्हा
ती पायरीवर नव्हती.
आत खाटेवर होती. गुडघे शहाळ्यांसारखे,
मनगटं तापलेली.
"पेपरात तुझो फोटो इलो," ती म्हणाली, कौतुकाने.
"गोळयो बंद केलंय मी.
तीन येळ आगळ पितंय.
घरचा औषद दारात आसताना
डॉक्टराक पैसे कित्याक देव?"

भिंतीवर कालनिर्णय. प्रत्येक सोमवारावर
पेन्सिलीचा गोल. जूननंतर गोल नाहीत.
फडताळात पत्र्याच्या डब्यात
आठवड्याची ती गोळी, तीही पिवळी,
तशीच पडून.

मी सांगू लागले. आगळात तो पदार्थ
नावालाच उतरतो,
पोटात गेला तरी रक्तापर्यंत पोचेलच असं नाही,
किती द्यायचा, यकृताला चालेल का,
अजून कुणालाच माहीत नाही.
ती ऐकत होती, माझ्या तोंडाकडे बघत,
मासळीचा भाव पटत नसल्यासारखी.

"मगे ता बरा कोणाक करता?"
"उंदरांना. थोडंसं."
"उंदरांक खंयसून इलो संधिवात?"
"आम्ही देतो," मी म्हणाले.
"टोचून."

बराच वेळ ती काही बोलली नाही.
बाहेर कुणीतरी होडी ओढत होतं,
एकसुरात, दम लागलेलं.
मग म्हणाली,
"त्येंका सकाळी उन्हात तरी ठेवतास?"

पुढचे सहा सोमवार मी फोन केला.
सहाव्याला तिने उचललाच नाही,
कारण ती विहिरीवर होती.
शेजारणीने सांगितलं,
आणि मी फोन ठेवून
पुन्हा चंबूकडे गेले.

या मे महिन्यात पुन्हा दोन किलो.
कॉलेजच्या पावतीवर सही हवी.
तिला लिहिता येतं, सातवीपर्यंत शिकलेली,
पण सकाळचे साडेआठच झाले होते
आणि पेन बोटांत थांबेना.
"अंगठो चलात?" तिने विचारलं.
शाईचा पॅड मी विसरले होते.
तिने अंगठा फोडलेल्या रतांब्यात दाबला
आणि कागदावर टेकवला.

लेखापालाने पावती परत पाठवली आहे.
शेरा : रंग अमान्य.
मी अजून फाईलला लावलेली नाही.
टेबलावर आहे, पिवळ्याच्या कुपीखाली.
कडेकडेने काळी पडत चालली आहे.