उपाशीपोटी

मेदानहून सकाळच्या विमानानं येतात,
तासाभराचं आकाश ओलांडून.
पिनांगच्या या गल्लीत, माझ्या दारात पोचेस्तोवर
हातात चार दवाखान्यांची पत्रकं जमलेली असतात.

होटमान सिनागांनी ती टेबलावर पत्त्यांसारखी पिसली.
सोनेरी पॅकेज, प्लॅटिनम पॅकेज,
बासष्ट तपासण्या, एक्क्याण्णव तपासण्या,
एकात न्याहारी फुकट,
एकात जोडप्याला सूट.
चष्मा कपाळावर सारून
रुपियाचे रिंगिट करत बसले,
शून्यं खोडत, पुन्हा लिहीत.

तिउर्मा काही बोलली नाही.
हात गळ्यापाशी नेला, परत आणला.
मग भांडी उचलायच्या निमित्तानं आत आली.
'सिउ लान ताई, तुम्हीच सांगा. कुठला बरा?'

मी काय सांगणार?
मला एक्स-रे वाचता येत नाहीत.
मी ताटं वाचते.
तेवीस वर्षं या घरात
दवाखान्यातून परतलेल्यांना वाढते आहे.

टेकडीखालच्या मोठ्या इस्पितळातून आलेले
आधी फाइल उघडतात. भात निवतो.
काचेच्या इमारतीतून येतात
त्यांना हमखास आणखी एक तपासणी सांगितलेली असते.
ताटातला मासाही ते उलटून बघतात,
जणू त्याच्याही आत काही सापडेल.

आणि बाजारामागे, सुक्या बांगड्याच्या वासात,
डॉक्टर तेओंचा दुमजली दवाखाना.
जिना अरुंद, पंखा कुरकुरतो.
तिथून आलेले जेवतात.
वाईट ऐकून आलेलेसुद्धा जेवतात.

आचेहचा एक मासेमार होता.
त्याला सहा महिने सांगितलेले,
आणि त्यानं दुसऱ्यांदा रस्सा मागितला.
विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?
म्हणाला, खुर्ची ओढून शेजारी बसले.
माझ्या भाषेत बोलले, मोडकंतोडकं.
मग माझं रडून होईस्तोवर
कुठे गेले नाहीत.

तिउर्माला एवढंच सांगितलं.
तेओंचं पत्रक त्या चारांत नव्हतंच.
होटमान म्हणाले, 'सूट किती?'
ती म्हणाली, 'दोघांचं नाव लिहा.'

रात्री दहानंतर फक्त पाणी.
पाहुणा उपाशी असला की माझी चूलही पेटत नाही.
पहाटे परतलेल्या लसणाचा वास
बंद दाराखालूनही जातो.

सकाळी सातला होटमान ओट्यावर,
एक बूट पायात, एक हातात.
सुमात्राभर ट्रक हाकलेला माणूस,
सुईच्या नावानं पांढरा पडलेला.
'मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत.'
तिनं वाद घातला नाही. बूट त्यांच्या हातून घेतला,
दाराशी नीट ठेवला
आणि माझ्याकडे वळली.
'तुम्ही रात्रीपासून काही खाल्लंय?'

नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीनं वय विचारलं.
दोन वर्षं कमी सांगितलं,
मग तिचं पेन थांबवून खरं सांगितलं.
याआधी कधी तपासणी?
मी पंख्याकडे बघत राहिले.

पडद्याआड दोघी फिक्या हिरव्या झग्यांत,
नाड्या पाठीशी, हात पोचेना.
तिनं माझ्या बांधल्या, मी तिच्या.
मानेच्या बाजूला लोंगानच्या बीएवढी गाठ.
बोट लागलं तशी ती थांबली,
मीही.
मग मी गाठ मारली, नाडीची, सैलसर,
आणि म्हटलं, घट्ट नाही ना झाली?

आत तिला आधी बोलावलं.
दार लोटायच्या आधी
खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

माझा फोन वाजतोय, तिसऱ्यांदा.
घरी होटमाननी आमच्यासाठी भात टाकलाय.
विचारताहेत,
तिघांना पाणी किती.