उजवी बाजू

लाइफ जॅकेट उजवीकडं बसत नाही.
बकल लावलं की रिकाम्या जागेत हवा शिरते,
वेग घेतला की ते हनुवटीपर्यंत चढतं.
मेढ्याचे उतेकर टेलर मान वर न करता म्हणाले,
"आत कायतरी भरावं लागंल, बाई."
मी टॉवेलची घडी पुढं केली.
त्यांनी आतून खिसा शिवला, दुहेरी टाका,
पैसे घेईनात.
मशीनवर ठेवून आले.

बामणोलीत तिला सगळे स्कूटरच म्हणतात.
मालवणहून टेम्पोत आली, पिवळी, जुनी,
सीटला चिकटपट्टी.
"ॲव्हरेज किती देती?" शेलारांचा पोरगा विचारतो.
तासाला वीस लिटर पिते म्हटल्यावर
कानाला हात लावतो.

इलाही मुजावर कराडहून एक दिवसाआड येतात,
चष्मा कपाळावर सरकवून प्लग न्याहाळतात.
"हितलं पाणी गोडं. समुद्र खाईल हिला.
रोज संध्याकाळी आतनं धुवायची,
कितीबी दमला तरी."
मी वहीत लिहिते.
किमोच्याच वहीची उरलेली पानं:
वर ताप, उलटी, पांढऱ्या पेशी,
खाली प्लग, ग्रीस, दाभोळ ते रेडी, नऊ दिवस.
लाल दोरी त्यांनी डाव्या मनगटाला बांधायला लावली.
"पडला तर ही सुटती, मशीन थांबतं.
माणसानं थांबायचं न्हाई. हात मारत ऱ्हायचं."

उजवा हात दुपारनंतर सुजतो.
काखेतल्या गाठी काढल्या तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या,
भरलेली बादली उचलायची नाही.
जेट स्कीबद्दल काही म्हणाल्या नव्हत्या.
गेल्या महिन्यात विचारलं. बराच वेळ हसल्या,
मग घट्ट बाही लिहून दिली
आणि दर वीस मिनिटांनी मूठ सोडायची, असं.
ॲक्सिलरेटर याच हाताच्या बोटात.
वीस मिनिटं झाली की थांबते,
बोटं उघडते, मिटते, उघडते.
बगळ्यांना वाटत असेल, कुणाला तरी बोलावतेय.

साताऱ्याच्या प्रेसनं पत्रकं छापली.
मी लिहून दिलेल्या शब्दाच्या जागी
तीन टिंबं.
"ताई, घराघरात जाणार ना कागद," मालक म्हणाले.
टिंबांचा कर्करोग.
पाचशे प्रती, पैसे भरलेले.
आत्यालाही तेच झालं होतं.
घरात त्याला 'तिचं दुखणं' म्हणायचे,
ती गेल्यावरसुद्धा.

म्हणून सकाळची एक फेरी शब्दाची.
आधी नुसती पूर्ण वेगात म्हणायचे,
इंजिनच्या आवाजाखाली,
चोरून शिवी द्यावी तसं.
काल वासोट्याच्या अंगाला, पाणी काळं दिसतं तिथं,
इंजिन बंद केलं.
मागची लाट येऊन टेकली, बसली.
खाली कुणाची तरी जुनी शेतं.
स्तन, मी म्हणाले.
स्तनाचा कर्करोग.
मोठ्यानं, शाळेत पाढे म्हणतात तसं.

वळून बघते तर लाँच.
मी बंद पडले असं समजून
त्यानंही इंजिन थांबवून ती वाहत आणलेली.
एक मोटारसायकल, तीन शेळ्या, सात-आठ माणसं,
सगळी गप्प.
एक बाई, मांडीवर तांदळाचं गाठोडं,
माझ्या वयाची, किंवा लहान,
काठाशी सरकली.
"मेढ्यात बघत्यात का ओ?"
पुरुषांनी डोंगराकडं तोंडं केली.
"बघतात," मी म्हणाले. "बुधवारी. मी येते संगं."
तिनं गाव सांगितलं. नाव नाही.

बुधवारी सराव नाही, वहीत लिहिलं.
पेट्रोलचे कॅन तीन, प्लग सहा, बाह्या दोन,
काळी बॉलपेनं एक डझन, टिंबांवर लिहायला.
टॉवेल धक्क्यावरच्या दोरीला वाळत घातलाय.
अजून ओला आहे.