डावखुरा वेढा

मिरकरवाड्यात माझं रिवाइंडिंगचं दुकान.
ट्रॉलरचे पंप, बर्फ कारखान्याच्या मोटरी, लोकांचे पंखे.
तांब्याच्या तारेचे वेढे मोजण्यात पंचविशी गेली,
त्यानंतरची वीस वर्षंही.

इब्राहिम सारंग आले ते ऐन दुपारी,
जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून,
आजारी कोंबडी आणावी तसं.
"बघ गो. चालत नाही.
सत्तर वर्षांत पहिल्यांदा."

हिरवं इंजिन. मोठ्या बांगड्याएवढं,
हातात घेतलं तर शिशासारखं जड.
त्यांचा बाप बोटीवर आगवाला होता,
कुठल्याशा थंड बंदरात अर्धा पगार मोडून त्याने घेतलं.
आगबोट बाहेर उभी, तिथून खपाटात, खपाटातून कुणाच्या तरी खांद्यावर,
अशी रत्नागिरीत पहिली गाडी आली,
समुद्रातून, पत्र्याच्या ट्रंकेत.

घरात वीज नव्हती. लॉरीच्या बॅटरीवर चालवायचे.
रेल्वे यायला अजून चाळीसेक वर्षं होती.
"आमची समजूत अशी, की गाडी म्हणजे
जिथून निघते तिथेच परत येते.
मग खरी आली. शिट्टी मारून बोगद्यात शिरली.
आम्ही चौघे म्हातारे
अर्धा तास तिथेच उभे."

हे सांगून ते स्वतःच हसले.
मग येत्या रविवारचं सांगितलं.
चिपळूणला दातांच्या फणसळकर डॉक्टरांच्या माडीवर
पाच-सहाजण जमतात आपापली इंजिनं घेऊन.
सगळ्यांत जुनं कुणाचं, आणि अजून धड कुणाचं?
अट एकच: चार डबे, तीन फेरे, बोट लावायचं नाही.
डॉक्टरांचं नवं इंजिन, पोटात चिप असलेलं,
एका पावसाळ्यात खाऱ्या हवेने गेलं.
"माझी म्हातारी दर वर्षी जिंकते," म्हणाले,
आणि बनियनची घडी घालत बसले.

चार स्क्रू. आतला एक कुणीतरी बदललेला.
तेल स्वच्छ, शिवणयंत्राचं.
(खोबरेल कधी नाही, बापाने एवढं एकच बजावलं होतं.)
आर्मेचर बाहेर काढलं, अंगठ्याच्या पेराएवढं,
नाकाशी धरलं.
जळक्या वार्निशचा वास नाही.

भिंगाखाली पाहिलं तर सगळे वेढे उलटे.
म्हणजे माझ्या हाताच्या उलटे.
भरणारी डावखुरी होती.
बाईच असणार, इतक्या अरुंद जागेत
माझीही बोटं कशीबशी शिरतात.
वेढ्याला वेढा लागून, एकसारखा ताण,
शेतात लावलेल्या रोपांसारखी ओळ.
फक्त दुसऱ्या दांड्यावर, वरून तिसऱ्या थरात
एक वेढा शेजारच्यावर चढलाय.
तिला कुणी हाक मारली असेल.
किंवा जेवणाचा भोंगा झाला.
किंवा काहीच नाही, नुसतं खिडकीबाहेर बघितलं.

तेवढा एक वेढा
सत्तर वर्षं वाकडाच फिरतोय.

दोष निघाला तो टोकाला, जिथे तार डागाने धरलेली,
तिथे हिरवट पूड. मीठ.
आमच्याकडे शेवटी मीठच निघतं.
खरवडलं, कथलाचा थेंब ठेवला,
मोहरीहून लहान.

रूळ नव्हते दुकानात.
इंजिन उताणं त्यांच्या तळहातावर ठेवलं,
बॅटरीच्या दोन तारा टेकवल्या.
आधी कुरकुर. मग सहाही चाकं फिरायला लागली
हवेतल्या हवेत,
आणि सारंगांचा हात थरथरत होता,
त्यातलं मोटरचं किती, वयाचं किती, कळेना.

"नवी तार भरलीस?"
"नाही. जुनीच आहे."
"मग पैसे किती?"
"डाग दिला त्याचे वीस."
त्यांना ते कमी वाटले. रागानेच दिले.

संध्याकाळी बर्फ कारखान्याची मोटर घेतली.
सदतीस, अडतीस,
बाहेरून कुणीतरी हाक मारली.
ओ दिली, आणि आकडा विसरले.
तार सोडवली सगळी.
परत एक. दोन.