कटिंगचा भाव

पोहण्याच्या चौकात, जिनिंगसमोर,
उरकुडा नक्षिणे यांची टपरी.
पहिल्यांदा बसलो तेव्हा खुर्चीच्या हातांवर फळी टाकून
बसवलं होतं मला. आठ आणे.
काल ऐंशी रुपये.

अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो मी,
म्हणून जरा चढ्या आवाजातच विचारलं:
कैची तीच, हात तोच,
वेळही तीच वीस मिनिटं,
केस तर माझे निम्म्यानं घटले.
मग भाव काहून वाढला?

"घटले म्हणूनच. मालाची टंचाई हाय."
बाकावरचे दोघं हसले.

मग त्यांनी माझी मान धरून डावीकडे वळवली.
"त्या जिनात गाठी बांधाले चाळीस माणसं लागे.
आता सहा लागते, अन् गाठी तिप्पट.
त्या सहा जनाचा रोज वाढला.
माह्या कैचीले कोनं मोटर नाही बसवली, सर.
पन मी जुन्याच भावात राह्यलो असतो
तं माहा सुधीर गेला असता तिथं,
अन् तुम्ही जटा घेऊन कॉलेजात."

कंगवा झटकला.
"हा पाच रुपयांचा होता, आज दहाचा.
कारखान्यात मिनिटाले ढीगभर निघते.
डोकं मातर एका टायमाले एकच निघते."

भाचा मस्कतला आहे त्यांचा.
इथंच शिकला, याच खुर्चीवर.
तिथं एका डोक्याचे आपले सातशे.
म्हटलं, हात जास्त साफ असेल.
"छे जी! कानामागं अजूनही चुकते.
हात तोच हाय. गिऱ्हाईक दुसरं हाय.
तिथला मानूस तासाभरात जे कमावते
त्याले आपल्या गावाले आठवडा लागते."

राष्ट्राची संपत्ती: टीप लिहा, गुण पाच.
मानेवर गार पाण्याचा फवारा आला.

सव्वीस वर्षं मी तोच धडा शिकवतो,
तासिका पंचेचाळीस मिनिटांचीच,
खडूला मोटर नाही,
आणि पगार कुठल्या कुठे गेला.
हे मी बोललो नाही.
त्यांनीही विचारलं नाही.
फक्त डोक्यामागे छोटा आरसा धरला:
"मांगून बराबर?"

बराबर, म्हणालो.
शंभराची नोट दिली.
वीस परत घेताना हात जरा अडला.
घेतले.