अनोळखी कलाकार

ग्वाल्हेरला, कंपूच्या घरात, गाणं आता नळासारखं:
खाली कॉम्प्युटरात साठा,
वर कुठंही तोटी उघडावी.

शार्दूलच्या गेमच्या डब्याला मात्र दोन रविवार
लायब्ररी दिसेचना.
शेवटी मी राउटर बंद करून चालू केला.
दिसली.

मोटारींची शर्यत थांबवून तो उघडतो एक फाइल:
पंख्याची घरघर, कुणाचंसं खोकणं,
तंबोरा,
मग बिहाग.
पडद्यावर अक्षरं: अनोळखी कलाकार.

कुमुदआत्या चष्मा पुसून वाचते.
"बरोबर लिहिलंय की.
लग्नाआधीची आहे ती."

मी नाव भरायला खाली उतरतो,
जिन्यातूनच ओरडतो,
"आत्या, आडनाव कुठलं घालू?"

वरून उत्तर येत नाही.
बिहाग तेवढा मोठा होतो.