बारा टक्के

पंचगंगेचं एक बरं असतं.
राजाराम बंधाऱ्यावर फुटांच्या खुणा आहेत:
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
शुक्रवार पेठेत लोक चहा पिता पिता आकडा विचारतात
आणि त्या आकड्यावर गाद्या माळ्यावर टाकतात.

माझ्या नदीला खूण नाही.
दुसऱ्या मजल्यावर, वाळत घातलेल्या सांडग्यांशेजारी बसून
मी दोन देशांमधला राग मोजते.
पुढल्या तीस दिवसांत
एकानं दुसऱ्याच्या हद्दीत मारा करण्याची शक्यता किती?
विमान, क्षेपणास्त्र, ड्रोन, सगळं धरून.
सीमेवरचा रोजचा गोळीबार धरायचा नाही.
व्याख्याच तशी आहे,
त्यात मेलेले आकड्याच्या बाहेर.

आधी जुनी वर्षं मोजायची, कितीदा झालं होतं.
मग चवीपुरतं मीठ:
कुणाचा राजदूत घरी बोलावला,
कुठल्या पट्ट्यातलं आकाश दोन दिवस बंद,
कुणाच्या भाषणात "योग्य वेळी" तिसऱ्यांदा आलं.
सोमवारी लिहिलं, बारा.

रात्री गंगावेशीत, धारोष्ण दुधाच्या ग्लासावर
भैरू बोंगाळे म्हणाला,
"बारा म्हंजे? हुणार का न्हाई, तेवढंच सांगा की."
मी म्हटलं, असे शंभर महिने आले
तर त्यातल्या बारांत होईल.
त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली.
"आन् ह्यो म्हैना त्यातला कितवा?"

मी फेस खाली बसायची वाट पाहत राहिले.

बुधवारी खालच्या आक्काताई सासने
विरजण मागायला आल्या, उंबऱ्यातच थांबल्या.
"रणजितची रजा रद्द झाली.
का, ते सांगत नाही. आवाज लई बारीक वाटला.
लग्न एकवीसला. हॉलवाल्याला काय सांगू?"
मी वाटीत विरजण घातलं.
त्या जिना उतरल्या, दार लागलं,
आणि बोटांनी मला न विचारता
बाराचे एकोणीस केले.

सात टक्के.
उपग्रहाच्या चित्रात नसलेले, कुठल्याच बातमीत नसलेले,
एक आई माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, "स्थानिक सूत्र".
वाचलं.
आक्काताईंना सूत्र म्हणताना
त्यांच्या हातातली वाटी दिसली.
खोडलं. एकोणीसही खोडले.
पुन्हा बारा. पाठवून दिलं.
मला खोटा वाटत असलेला आकडा
या धंद्यात मी पहिल्यांदाच पाठवला.

महिना गेला. काही झालं नाही.
म्हणजे आमच्या व्याख्येत बसेल असं काही नाही.
परदेशातून शाबासकी आली,
इतरांनी घाबरून वाढवले, तुम्ही स्थिर राहिलात.
गुण वाढले. पैसेही थोडे.
ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही.

एकवीसला त्या हॉलमध्ये दुसऱ्याच कुणाचं लग्न लागलं,
बँड आमच्या गल्लीवरून गेला,
आक्काताईंनी खिडकी लावली नाही.

रणजित पुढल्या महिन्यात आला.
जिन्यात भेटला, गालफडं आत गेलेली.
"काकू, तुम्ही म्हणे भविष्य सांगता?"
नाही रे, म्हटलं, गाद्या माळ्यावर टाका, एवढंच सांगते.
हसला.
मग मला राहवलं नाही.
तुला तिथे काय वाटत होतं? किती टक्के?
तो चपलेचा अंगठा नीट करत बसला.
"तिकडं टक्के नसतात काकू.
तिकडं 'उभा ऱ्हा' असतं, न्हाईतर 'बस'.
आम्ही अकरा दिवस उभं होतो."

मी वर आले.
सोमवार होता, नवे तीस दिवस उघडायचे होते.
विरजणाची वाटी ओट्यावर परत आली होती,
रिकामी देऊ नये म्हणून
तळाशी गुळाचा खडा.
आकड्याची जागा
दुपारपर्यंत मोकळीच ठेवली.