बाटलीवरची रेघ

टटलची गाडी वर्षातून दोनदा यायची.
नेब्रास्काच्या त्या सपाटीवर
ती सकाळी दिसायची आणि दुपारी पोचायची.
मधल्या वेळात आई दोनदा केस विंचरायची.

गाडीच्या पोटात काय नसायचं.
कोंबड्यांनी अंडी द्यावीत म्हणून पूड,
गाईच्या सडांना मलम, डुकरांच्या जंतांवर गोळ्या,
दालचिनी, व्हॅनिला, सुया,
बियाण्यांची पाकिटं, ज्यांवरचे टोमॅटो
आमच्या मातीत कधीच तेवढे लाल झाले नाहीत,
आणि ती तपकिरी बाटली:
माणसाला एक चमचा, घोड्याला चार.
(बाबा म्हणायचे, मला अडीच द्या.)

बाटलीच्या काचेतच एक रेघ ओतलेली होती.
रेघेपर्यंत वापरा, टटल सांगायचा,
गुण नाही आला तर पुढच्या फेरीला परत करा,
एक सेंट घेणार नाही.

घरात इंग्रजी फक्त मला वाचता यायचं.
शाळेतले दोन हिवाळे, एवढ्याच भांडवलावर
नवव्या वर्षी मी घरची वकील, पोस्टमास्तर आणि डॉक्टर.
आई स्टोव्हपाशी बसायची,
मी लेबल वाचून आमच्या चेकमध्ये सांगायचे:
संधिवात. पोटशूळ. हिमदंश. दाढदुखी.
खुरांची सूज.
"आणखी?"
खोकला, जुना. खोकला, नवा.
"आणखी?"

तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं.
रात्री ती उठून दाराशी जायची,
उघडायची नाही, नुसता कडीवर हात ठेवायची,
जणू पलीकडे बोहेमियातला ओढा असेल,
आलुबुखाराची झाडं असतील,
आणि ब्लाझेनामावशी बादली घेऊन उभी असेल.
पलीकडे वारा होता. मैलोगणती वाराच होता.

लेबल संपलं होतं.
तळाशी फक्त कारखान्याचा पत्ता.
मी पत्त्यावर बोट ठेवलं आणि वाचलं:
घरची आठवण.

आई काही बोलली नाही.
चमचा पुसून आणला.

त्या हिवाळ्यात ती झोपली.
एकदा तर पीठ मळताना पोल्का गुणगुणली,
बाबांनी जोडा शिवायचा थांबवून वर पाहिलं.
फेब्रुवारीत औषध रेघेला टेकलं.
तिनं बूच घट्ट लावलं. रेघेखालचं ते टटलचं,
पैसे मोजल्याशिवाय आपलं नाही.
आख्खा मार्च तिनं नुसतं बूच हुंगून काढला.

चिखल वाळल्यावर तो आला.
आईनं बाटली दोन्ही हातांनी पुढे धरली
आणि होती नव्हती ती सगळी इंग्रजी खर्चली:
"गुड. फॉर होम. फॉर सिक होम. गुड."

एफ्रम टटलनं लेबल पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.
मी कोंबड्यांकडे पाहत होते.
तीस वर्षं बोलण्यावर पोट भरलेला माणूस,
त्याला शब्द शोधावा लागताना मी तेव्हाच पाहिला.
त्यानं टोपी काढली.
"हो, बाई," म्हणाला, "त्यावरही चालतं."
आणि तीन डझन अंडी मोजून घेतली,
एक कमी नाही.

पुढे वॉशिंग्टनात कायदा झाला:
बाटलीत जे आहे ते बाटलीवर छापा.
मी तेरा वर्षांची. नवी बाटली आली,
वरच्याच बाजूला ठसठशीत काळ्यात:
अल्कोहोल, शेकडा सत्तेचाळीस.

बाबांच्या एका बिअरवरून
दोन दिवस अबोला धरणारी माझी आई
स्टोव्हपाशी बसली. हात मांडीवर.
"वाच."

संधिवात, मी वाचलं. पोटशूळ. हिमदंश.
"काही नवीन लिहिलंय?"
"नाही. तेच आहे.
फक्त अक्षर बारीक केलंय."
"आणि शेवटचं?"

कारखान्यानं गाव बदललं होतं.
मी नव्या पत्त्यावर बोट ठेवलं.